आतून कडी

आतून लावलेली कडी.

वर्तमानपत्रात गुंडाळलेली संगमरवरी पाटी.

शिलाईच्या दुकानातला एकुलता एक पंखा. मशीनकडे वळवला की सभेला वारा नाही, सभेकडे वळवला की कापड उडतं.

इंजिन चालू ठेवून उभा असलेला जेसीबी.

"जावई दारात उभा, आणि सासू कडी लावून बसलीय! असला पाहुणचार जन्मात नाही पाहिला," कांदेवाली म्हणाली.

दार संडासाचं होतं. बाजारामागे बायकांसाठी तेवढा एकच. महिला मंडळाचं पहिलं काम. नंतर मंडळाने पुष्कळ केलं. म्हाताऱ्या बायकांना सही शिकवली, बाळंतिणींना खाट-गादी उसनी दिली, आगीत घर गेलेल्यांचे संसार पुन्हा मांडून दिले. फक्त स्वतःला बसायला जागा झाली नाही. सभा शिलाईकाकूंच्या दुकानात, कापडाच्या गठ्ठ्यांवर. अध्यक्षबाई पहिल्यापासून त्याच. "मरायच्या आधी एकदा खुर्चीत बसून सभा घेईन," असं त्या म्हणायच्या. हसत म्हणायच्या, पण दर सभेला म्हणायच्या.

आज नगरपालिका संडास पाडणार होती. तिथे गाड्या उभ्या राहणार होत्या. बदल्यात मंडळाला हॉल. मुख्याधिकारी साहेब स्वतः किल्ली घेऊन आले होते. साहेब म्हणजे अध्यक्षबाईंचे जावई.

"आई, बाहेर या ना," साहेब दाराला तोंड लावून हळूच म्हणाले. "लोक बघतायत."

"बघू देत. मी कुठे दिसतेय?"

बायका फिसकन हसल्या. साहेबांनी पाटीवरचा कागद फाडला.

"हॉलला तुमचं नाव दिलंय, आई. खुर्च्या आल्यात. पंखे लागलेत."

शिलाईकाकूंचा जीव पंख्यात अडकला. "अहो बाई, घ्या की! गठ्ठ्यांवर बसून कंबरेचा काटा ढिला झाला माझा. हातचं सोडून पळत्याच्या पाठी नका लागू!"

आतून अध्यक्षबाईंचा प्रश्न आला.

"जावईबापू, हॉलमध्ये संडास आहे?"

"आहे ना! टाइल्स लावलेला!"

"किल्ली कोणाकडे?"

"तुमच्याकडेच, आई. मंडळाकडे."

"आणि कांदेवालीला भर बाजारात लागली, तर ती मला शोधत घरी येईल?"

साहेबांनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "त्याचं असं आहे, आई, नियमाप्रमाणे..."

"मग मी बसते."

जेसीबीवाल्याने वरून हाक मारली. "साहेब, करू का सुरू?"

"आत बाई असताना? वेडा आहेस का!" साहेबांनी कपाळ पुसलं. "थांबू. कधीतरी बाहेर येतीलच."

तेव्हा शिलाईकाकू पुढे झाल्या. गळ्यातली टेप काढून त्यांनी पिशवीत टाकली. पाटीकडे एकदा पाहिलं, हातून गेलेल्या स्थळाकडे पाहावं तसं. आणि जाऊन दारासमोर उभ्या राहिल्या.

"बाई, सावकाश होऊ द्या. तुमच्यानंतर मी."

"यांच्यानंतर मी," कांदेवाली म्हणाली आणि तराजू तसाच टाकून आली. तिच्यामागे मासळीवाली. तिच्यामागे बँकेतली बाई, गळ्यात ओळखपत्र तसंच. रांग बाजाराचा कोपरा वळून गेली. साहेबांनी मान लांब करून पाहिलं, तर शेवटी त्यांची स्वतःची बायको येऊन उभी होती. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. पुढचीला विचारत होती, "शेवटच्या तुम्हीच ना?"

साहेबांनी हात वर केला. जेसीबीचं इंजिन बंद झालं.

मंडळाची स्थापना बाजाराच्या मागच्या भिंतीपाशी झाली, भर दुपारी, तिथे संडास नव्हता तेव्हा. एकमेकींना न ओळखणाऱ्या चौघी चादर धरून उभ्या होत्या. पाचवीला नववा महिना होता, ती चादरीच्या आत बसली होती, आणि उठल्यावर तिलाच अध्यक्ष केलं.