पंधरा ते आठ

अंगणात आज ठिपके नव्हते.

सहदेव तांब्या घेऊन तोंड धुवायला बाहेर आला आणि उंबऱ्यातच थबकला. रांगोळी होती, पण ती कसली रांगोळी! पायरीपासून निघालेली एक वेल तुळशीला वळसा घालून गेली होती. मध्येच तिचा मासा झाला होता. माशाच्या शेपटातून पाखरं फुटली होती आणि त्यातलं एक तर थेट शेजारच्या गुणाजींच्या पायरीवर जाऊन बसलं होतं.

"काय सहदेवराव," गुणाजी कडुनिंबाची काडी चावत म्हणाले, "तुमची पाखरं आमच्या दारात! दाणे टाकू की हाकलू?"

सहदेवला हसू आलं नाही. मुलुंडच्या या बैठ्या चाळीत आता तासाभरात वनमालाताई येणार होती. शुभाला घेऊन.

शुभा सात महिन्यांची. ती झाली आणि महिन्याभरात सहदेवच्या बायकोचं, मालनचं, बिनसलं. जेवण नाही, झोप नाही. एका दुपारी सहदेव कचेरीतून लवकर आला, तर पोर पाळण्यात रडून रडून निळी पडलेली आणि मालन कोळशानं भिंतीवर पाखरं काढत बसलेली. हाक मारली तरी तिनं मान वळवली नाही. मग इस्पितळ. विजेचे झटके. दोन महिने. शुभाला सहदेवच्या थोरल्या बहिणीनं, वनमालाताईनं, घाटकोपरला नेलं. "माहेरपासूनचं चित्रांचं खूळ, तेच डोक्यात गेलं," असं जो तो म्हणाला. सहदेवलाही ते पटलं. मालन घरी यायच्या आत त्यानं भिंतीला चुना मारला आणि तिच्या चित्रांची वही बंबात घातली.

घरी आल्यावर मालननं वहीची चौकशी केली नाही. रोज सकाळी ती दारात रांगोळी तेवढी घालायची. ठिपक्यांची. पंधरा ते आठ. मधली ओळ पंधराची, मग वर-खाली एकेक कमी करत आठापर्यंत. सहदेव नकाशांच्या कचेरीत ट्रेसर होता; केसाएवढी रेघ हलली तरी त्याच्या डोळ्यांना बोचायची. "रोजच्या कामात हात कसा चालतो, तेवढं बघत जा," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो बघत गेला. तीन महिने एक ठिपका ढळला नाही. त्याच भरवशावर त्यानं ताईला कार्ड टाकलं होतं: मालन बरी आहे, रविवारी पोरीला घेऊन ये.

आणि आज पुन्हा पाखरं.

आत न्हाणीत मालन काहीतरी गुणगुणत होती. तेही कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. त्यानं पिंपातून बादली भरली आणि मासा, वेल, पाखरं, सगळ्यांवर ओतली. दुसरी बादली गुणाजींच्या पायरीवर. गुणाजी काडी तोंडात तशीच धरून बघत राहिले.

फाटकापाशी टांगा थांबला. सहदेव ओल्या पायांनी धावला.

"ताई, उतरू नकोस."

"म्हणजे? तुझंच कार्ड आलं ना रे? का आता माझंच डोकं तपासू?"

"हळू बोल. तिला परत सुरू झालंय. तू शुभाला घेऊन अशीच माघारी जा. उद्या मी तिला इस्पितळात…"

पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. मालन दारात उभी होती. नुकतीच न्हालेली, नेसूच्या पातळाची इस्त्री अजून न मोडलेली. तिनं टांग्याकडे बघितलं, मग अंगणातल्या पांढुरक्या पाण्याकडे.

"पुसलीत होय," ती म्हणाली.

"मालन, ठिपके का नाही घातलेस?" सहदेवचा आवाज चिरकला. "इतके दिवस एकदासुद्धा चुकली नाहीस."

"चुकायचे की. तुम्ही उठायच्या आत पुसायचे." ती शांतपणे पायरी उतरली. "किती असतात ठाऊक आहे? एकशे एकोणसत्तर. एक जरी कमी भरला, तर तिकडे घाटकोपरला हिचा श्वास बंद पडेल असं वाटायचं. मोजायचे, पुसायचे, पुन्हा मांडायचे. कधी चारदा, कधी सातदा. बोटं सोलवटायची. मग तुम्ही बाहेर यायचात आणि म्हणायचात, झकास जमलीय आज."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर परत नेलं असतंत ना."

टांग्याचा घोडा नुसता पाय आपटत होता. सहदेवनं टांग्याची दांडी आडवी धरून ठेवली होती. ती कधी सुटली ते त्याचं त्यालाही कळलं नाही. वनमालाताई शुभाला छातीशी धरून सावकाश खाली उतरली. दोन पावलं पुढे आली आणि थांबली. पोरीभोवतीचा हात तिनं अजून सैल केला नव्हता.

"आणि आज गं? आज किती वेळा मोजलेस?"

मालननं शुभाला घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

"आज ही यायच्या गडबडीत, वन्सं," ती म्हणाली, "मोजायचं विसरूनच गेले."