मागचं दार

चहाच्या गाळणीची जाळी. तेलाच्या डब्याचा पत्रा. पत्नी कमलबाईंच्या जुन्या चपलेचं रबर.

यातून भुजंगरावांनी चिलखती गाडीची हातभर लांब प्रतिकृती बनवली. खरी गाडी नदीत तरंगणारी, फौजेत मोजकीच असलेली, एकाहत्तरच्या युद्धात त्यांनी स्वतः चालवलेली. मागचं दार तेवढं बसवायचं राहिलं आणि ही छोटी गाडी तीस वर्षं माळ्यावर पडून राहिली.

खंडेनवमीला कमलबाईंनी ती खाली काढली.

"ट्रॅक्टरला हार, फटफटीला हार. हिलाच कामून न्हाई?"

"अर्धवट हाय."

"मग लावा की दार! मुहूर्त पाहायलाव का?"

भुजंगरावांनी दार फेविक्विकने चिकटवलं. सताड उघडं.

"लोटा की. धूळ जाईल आत."

"जाऊ दे. हे उघडंच राहील."

एकाहत्तर साली खरी गाडी नदीत बुडाली तेव्हा चालक वरच्या झाकणातून निघाला. मागचं दार अडकलं होतं आणि आत चौघं होते.