लाल टिकली

चित्राखाली लाल टिकली दिसली की ते विकलं गेलं, हा गॅलरीतला रिवाज. सुलभाताईंनी त्याचा खेळ केला होता. आवडत्या चित्राखाली त्या कपाळावरची टिकली चिकटवायच्या आणि नवऱ्याच्या कानात म्हणायच्या, "झालं हो आपलं!" निघताना ती हळूच काढूनही घ्यायच्या.

त्या गेल्यानंतर दामले प्रथमच एकटे प्रदर्शनाला आले. नदीकाठी वाळत घातलेल्या लुगड्यांच्या चित्रापुढे त्यांचा पाय निघेना. हे तिला नक्की आवडलं असतं. तिच्या टिकल्यांचं पाकीट अजून खिशात होतं. त्यांनी एक लावली आणि डोळे पुसत घर गाठलं.

ती काढायची राहिली, हे त्यांना दुसऱ्या संध्याकाळी आठवलं. काढायचं काम नेहमी तिचं असायचं.

रिक्षा करून ते पोचले, तोवर प्रदर्शन संपलं होतं. बाकीची चित्रं बांधून झाली होती, लुगड्यांचं तेवढं भिंतीवर होतं.

"एवढं एकच गेलं हो माझं," चित्रकार बाई हसून म्हणाल्या. "सकाळी एकांनी मागितलं, पण विकलेलं कसं देणार? घेणारे येतीलच आता."

दामलेही दाराकडे बघत बसले.