नुसता फ्लॅश

नवीन जालन्यातल्या स्टुडिओत सोमेश्वरभाऊ आम्हा नवशिक्यांना फोटोग्राफी शिकवत होते. उजेड पाठीशी घ्या, हात हलू देऊ नका, हे सांगून झाल्यावर ते रोलच्या जमान्यात शिरले. "लग्नात जो तो फोटोला उभा राह्यचा. रोलमधी फोटो छत्तीसच. मंग नुसता फ्लॅश मारायचा. माणूस बी खूश, रोल बी वाचला!" सगळे हसले. माझं पेन थांबलं. पिंपळगाव रेणुकाईला शेजाऱ्यांच्या लग्नात यांनीच आईचा फोटो काढला होता. उसनी हिरवी साडी नेसून ती ताठ उभी राहिली होती. पुढे जालन्याला आली की ती याच स्टुडिओच्या पायऱ्या चढायची. "तुमचाच न्हाई आला, मावशी," भाऊ म्हणायचे. दोन वर्षांनी ती गेली. घरात तिचा एकही फोटो नाही. शेवटपर्यंत स्वतःलाच बोल लावायची, "लाईट चमकली अन् माझेच डोळे मिटले असतील."