सफरचंदं फुलेपर्यंत

अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरात मर्ल आणि एल्डन तीस वर्षं एकाच वाक्यावरून भांडत होते. घटनेतलं, शस्त्र बाळगण्याच्या हक्काचं वाक्य. शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला मर्ल म्हणायचा, तो हक्क गावरक्षक दलाचा. सफरचंदांची बाग राखणारा एल्डन म्हणायचा, "माझा आहे, मास्तर, माझा! माझी बंदूक न्यायला कुणी येऊन तर बघू दे."

एल्डनच्या बायकोला, नोरीनला मातीआड करून नऊ दिवस झाले होते. सकाळी बाग धुक्यात तरंगत होती. त्या धुक्यातून एल्डन आपली हरणाच्या शिकारीची बंदूक घेऊन मर्लच्या दारात आला.

"ठेव तुझ्याकडे. सफरचंदं फुलेपर्यंत."

मर्लच्या ओठावर टोमणा आला होता. तो त्याने गिळला.

"कुणी आणायला लावली?"

"कुणी नाही. घरात आता ही बंदूक आणि मी, दोघंच. रात्री हाका मारते रे."

मर्लने बंदूक कपाटात ठेवून कुलूप लावलं. "रोज कॉफीला यायचं मात्र. आपलं भांडण अर्धं राहिलंय."

एल्डन रोज आला. बर्फ पडलं, वितळलं, आणि मे महिन्यात सफरचंदांच्या फुलांनी सगळा डोंगर पांढरागुलाबी झाला. मर्लने कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली.

एल्डनने ती बोटाने परत सरकवली.

"हक्क माझाच आहे, मास्तर," टोपीवरच्या पाकळ्या न झटकता तो म्हणाला, "पण सफरचंदं कुठे फुललीत अजून?"