चिंगीची साक्ष

श्रावण लागल्यापासून रोडपालीच्या घरात मासळी बंद होती. तरी सून कोमल ऑफिसात चोरून खाते, असा रंभाबाईंना संशय होता. आज त्यांनी मांजरीलाच तिच्यासमोर आणून बसवलं.

"आमची चिंगी बाकीच्या मांजरांसारकी नाय. उगाच कोनाच्या जवल जात नाय. मासलीचा वास आला तरच हात चाटते, आन् ती कदी चुकत नाय. कर हात पुढं."

चिंगीने कोमलचा हात हुंगला आणि तोंड फिरवलं.

"साबन लावला असल," रंभाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात त्यांचा मुलगा हरेश कामावरून येऊन सोफ्यावर टेकला. चिंगी धावत त्याच्या मांडीवर चढली आणि त्याचं एकेक बोट चाटू लागली.

 

रंभाबाईंनी तिला उचलून दाराबाहेर ठेवलं. "मुक्या जनावराला काय कलतंय."