खांद्याचं दुखणं

"खांदा कधीपासून दुखतोय?" डॉक्टरीणबाईंनी मुलीला विचारलं.

"सकाळपासून," आईने सांगितलं. मुलगी एकोणीस वर्षांची होती, पण उत्तरं सगळी आईची. मांडीवरची पिशवी सावरत तिने पुढचंही सांगून टाकलं, "बॅडमिंटन खेळते ना! बाकी जेवण बरं, झोप बरी."

"ताई, खांदा तुमचा दुखतोय का?"

आई हसली. मुलीचे ओठ मात्र पांढरे पडले होते. डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात ठेवताच ती कळवळली.

"पाळी?"

"वेळेवर. तारखा मीच लक्षात ठेवते."

"हे बघा, गर्भ नळीत राहून नळी फुटली, तर रक्त पोटात साचतं आणि दुखतो खांदा. तसं असेल तर आत्ताच ऑपरेशन करायला हवं, नाहीतर ही हातची जाईल. मला खरं हवंय, तेही तिच्या तोंडून."

"अहो, लग्न व्हायचंय तिचं!"

मुलीने मान खाली घातली. आईने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं.

"माझी पिशवी बाहेर राहिली वाटतं," ती उठत म्हणाली, "बघून येते." आणि पिशवी छातीशी घट्ट धरून तिने बाहेरून दार ओढून घेतलं.